सुंठ, माती आणि अस्वाद

सुंठीवाचून खोकला गेला, असे आपण म्हणतो ते बला परस्पर टळली की. पण खोकल्याला एरवी सुंठ लागतेच, हे या म्हणीत गृहीत आहे. डोकेदुखीवरून अशी म्हण रूढ झाली नाही. तरी सहाणेवर सुंठ उगाळून तिचा कोमट लेप कपाळाला लावणे मराठी घरांत तितकेच मुरलेले. अमरकोशात सुंठीला ‘विश्वभेषज’ आणि ‘महौषध’ ही नावे आहेत, म्हणजे पंडितांनाही तिचे मोल ठाऊक होते. लेप किती दाट असावा, कपाळ चुरचुरू लागल्यावर तो कधी पुसावा, हे मात्र कोशात नाही. ते बायकांच्या हातात राहिले.

या घरगुती सुंठीसमोर पवनार ठेवून पाहण्याजोगे आहे. प्रकृती ढासळली म्हणून विनोबा 1938 साली धाम नदीकाठच्या या गावी आले. गांधीजींनी हवापालट सुचवला होता. विनोबांनी जमनालाल बजाजांचा येथील बंगला निवडला. औषध म्हणाल तर रोज थोडे थोडे खणणे. (त्या खणण्यातच पुढे भरत-रामाच्या भेटीचे शिल्प हाती आले.) आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत. अन्न औषधासारखे, बेताने घ्यावे, चवीसाठी नव्हे, असे गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून लिहिले होते. अशा पंक्तीत मसाल्याला पान मिळणे कठीणच! घरात याच्या उलट चाले. तेथे औषधच अन्नात मिसळलेले असे. रामनवमीच्या सुंठवड्यातली आणि कपाळावरची सुंठ एकाच बरणीतली.

डोकेदुखीवर गांधीजींनी लिहून ठेवला तो उपाय मातीचा. 1942 साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात ओल्या मातीच्या पट्टीचा स्वानुभव आहे. माती गारवा देते. सुंठीचे तिखट त्वचेतील उष्णतेची जाणीव जागवते. दोन्ही उपाय गरिबाला परवडणारे. पण मातीला ग्रंथ लाभला, सुंठीला लाभली ती म्हण, आणि तीही तिच्या गैरहजेरीची.

सुंठीची दखल प्रयोगशाळेने उशिरा घेतली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधील एका अभ्यासात अर्धशिशीच्या 100 रुग्णांत सुंठीची पूड सुमाट्रिप्टान या औषधाच्या जवळपास बरोबरीने उतरली. ती पूड पोटात घेतलेली होती. लेपाचा तो पुरावा नव्हे, आणि एका अभ्यासावर फार भार टाकू नये. अचानक उठलेल्या असह्य डोकेदुखीला तर डॉक्टरच हवा.

1959 साली विनोबांनी पवनारला स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्त्रियांनी स्वतः शास्त्र रचावे, ही त्यांची आस होती. त्यांच्या मनातले शास्त्र वैराग्याचे आणि ब्रह्माचे होते. सहाणेवरच्या त्या चिमूटभर सुंठीलाही तेव्हा कोणी शास्त्रकर्ती मिळाली असती, तर आम्हांस आज म्हणीतून इतिहास उकरावा लागला नसता.