पुणे शहरातील लोकसंख्यावाढ व घरांची गरज

पुणे शहरातील लोकसंख्यावाढ व घरांची गरज हा महाराष्ट्राच्या नगर नियोजनातील एक महत्त्वाचा विषय आहे. शहरात किती कुटुंबे राहतात, पुढील काळात किती वाढतील आणि त्यांना कोणत्या प्रकारची व किती किमतीची घरे लागतील, याचा अंदाज जनगणना, स्थलांतर, उत्पन्न आणि उपलब्ध घरांची स्थिती यांवरून बांधला जातो. घरांची एकूण संख्या पुरेशी असली, तरी ती घरे गरजू कुटुंबांच्या आवाक्यात असतीलच असे नाही. त्यामुळे असा अंदाज केवळ घरांच्या मोजणीवर आधारता येत नाही.

लोकसंख्येचा कल

पुणे महानगरपालिकेची स्थापना १९५० साली झाली. १९६१ च्या पानशेत पुरानंतर विस्थापित कुटुंबांसाठी शहरात पूरग्रस्तांच्या वसाहती उभारण्यात आल्या. त्यानंतरच्या दशकांत पिंपरी-चिंचवडमधील कारखानदारी, शैक्षणिक संस्था आणि हिंजवडी व खराडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्योग यांमुळे स्थलांतर वाढले.

२००१ ते २०११ या काळात पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे २५.४ लाखांवरून ३१.२ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. याच दशकात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १०.१ लाखांवरून १७.३ लाखांवर, म्हणजे सुमारे ७१ टक्क्यांनी वाढली. २०११ मध्ये संपूर्ण पुणे नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांहून अधिक होती. वाढीचा वेग मध्यवर्ती शहरापेक्षा भोवतालच्या भागात अधिक असल्याचे यावरून दिसते.

हद्दवाढीमुळे वेगवेगळ्या वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना काळजी घ्यावी लागते. महानगरपालिकेत १९९७ नंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा गावांतील मूळ रहिवासी व वाढीव लोकसंख्या वेगळी न काढल्यास हद्दवाढ हीच लोकसंख्यावाढ भासते.

गरजेचे मोजमाप

जनगणनेत सामान्यतः एकत्र राहणाऱ्या व एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींचा गट कुटुंब मानला जातो. घरांची मागणी लोकसंख्येइतकीच कुटुंबाच्या आकारावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, ३० लाख लोकसंख्येच्या शहरात कुटुंबाचा सरासरी आकार पाच असल्यास ६ लाख, तर चार असल्यास ७.५ लाख घरे लागतात. म्हणजेच लोकसंख्या स्थिर राहूनही दीड लाख घरांची गरज वाढते.

नवीन कुटुंबांखेरीज दाटीवाटीने राहणारी, मोडकळीस आलेल्या वास्तूंतील, कच्च्या घरांतील आणि बेघर कुटुंबेही गरजेत धरली जातात. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी (२०१२–१७) केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने देशातील नागरी घरांचा तुटवडा सुमारे १.८८ कोटी इतका काढला होता. त्यातील सुमारे ८० टक्के तुटवडा दाटीवाटीमुळे होता, तर बेघर कुटुंबांचा वाटा सुमारे तीन टक्के होता. सुमारे ९६ टक्के तुटवडा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होता. महाराष्ट्रातील नागरी तुटवडा सुमारे १९ लाख होता.

याउलट, २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली. गुंतवणूक म्हणून घेतलेली, भाडेकरू ताबा सोडणार नाही या भीतीने बंद ठेवलेली किंवा पाणी व रस्ते नसलेल्या भागातील घरे गरजू कुटुंबांच्या उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे तुटवडा व रिकामी घरे एकाच वेळी आढळतात.

मोजणीतून सुटणारे गट

पुण्यात ‘कॉट बेसिस’वर राहणारे विद्यार्थी व नोकरदार, तसेच बांधकामाच्या जागी तात्पुरत्या शेडमध्ये राहणारे मजूर यांची गरज कुटुंबावर आधारित गणनेत नीट उमटत नाही. २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टी ठरण्यासाठी सलग भागात किमान ३०० लोकसंख्या किंवा सुमारे ६० ते ७० कुटुंबे असा निकष होता. त्यामुळे लहान वस्त्या झोपडपट्टीच्या आकडेवारीबाहेर राहिल्या. मध्यवर्ती पेठांतील जुन्या वाड्यांत कमी भाड्यामुळे देखभाल रखडते. तेथील भाडेकरूंकडे घर असल्याची नोंद होते, परंतु वास्तू धोकादायक असू शकते.

शासकीय उपाययोजना

म्हाडामार्फत सोडतीद्वारे घरांचे वाटप केले जाते, तर झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासासाठी स्वतंत्र झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. सर्वसमावेशक गृहनिर्माण धोरणानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत २० टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि महानगरपालिकांच्या हद्दीबाहेरील भागाच्या नियोजनाची जबाबदारी त्याच्याकडे आली.

आकडेवारीची मर्यादा

कोविड-१९ साथीमुळे २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. नव्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित करण्यात आला आहे. तोपर्यंत नियोजनासाठी २०११ चे आकडे पुढे प्रक्षेपित करून वापरावे लागतात. मतदार याद्या, मिळकतकर नोंदी आणि नळ व वीज जोडण्या यांवरून हे अंदाज पडताळता येतात. मात्र ज्यांच्या नावावर जोडणी किंवा मिळकत नाही, असे भाडेकरू व स्थलांतरित मजूर या नोंदींतूनही वगळले जातात. घरांची निकड बहुधा याच गटात अधिक असते.