घराची तपासणी पार्किंगपासून

रीसेलचा फ्लॅट घेणारा माणूस कागदांच्या बाबतीत सहसा चोख असतो. मालकीची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला हे सगळे तो वकिलाच्या नजरेखालून घालतो. भिंतींची पाळी आली की मात्र दोन नळ सोडतो, पंखे फिरवून पाहतो, ओटा कोणत्या दिशेला आहे ते विचारतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असेही अनेकांना वाटते. त्याचे काम तारणाची किंमत ठरवण्याचे. न्हाणीची मोरी खाली गळते का, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

व्यावसायिक तपासणीत काय काय यावे याची यादी कोणीही देईल. क्रमाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. फ्लॅटची तपासणी फ्लॅटच्या दारात सुरू होते, आणि तिथेच ती फसते. बहुमजली इमारतीत घराला लागणारी मोठी दुखणी बाहेरून येतात: खांबातून, गच्चीतून, टाकीतून, डक्टमधून, पावसाच्या बाजूच्या भिंतीतून. तपासनिसाने आधी पार्किंगमध्ये उतरावे, मग गच्चीवर जावे आणि शेवटी घराची बेल वाजवावी.

पार्किंगमध्येच का? तिथे खांब उघडे दिसतात आणि सहसा कोणी पीओपी करून ते झाकलेले नसतात. ताज्या काँक्रीटचा सामू 12 च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरतो तसा सामू उतरतो आणि तो थर जातो. समुद्रालगत क्षार हेच काम अधिक झपाट्याने करतात. जुन्या बांधकामात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर ते पहिल्या दिवसापासून आतच असतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. म्हणून खांबाच्या कोपऱ्यालगत सळईच्या रेषेत गेलेली उभी भेग गंभीर, तर प्लास्टरवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे बहुधा नुसते आकसण्याचे. तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची आडवी भेग दिसायला भीतीदायक, पण ती बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तूंच्या वेगळ्या हालचालीची असते. तपासनिसाने भेगा मोजण्यापेक्षा ओळखल्या पाहिजेत.

इथे उपकरणांबद्दल थोडे. रिबाउंड हॅमर टेकवून ‘काँक्रीट मजबूत आहे’ असा निर्वाळा देणारे अनेक भेटतात. हे यंत्र फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. कार्बन मुरलेला जुना पृष्ठभाग उलट अधिक कठीण होतो, म्हणजे दुखणे असतानाच आकडा चांगला येतो. त्यामुळे जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी आणि ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा हवा: गुलाबी झाले तिथपर्यंत काँक्रीट अजून अल्कधर्मी, रंग चढला नाही तिथे संरक्षण संपले. आयएस 456 प्रमाणे खांबातल्या सळईवर साधारण 40 मिलिमीटर काँक्रीट असावे लागते. तपासात कार्बन तेवढा आत पोहोचलेला दिसला तर वरचा ताजा रंग कितीही देखणा असो, आतली सळई धोक्यात आहे.

अर्थात एका ग्राहकासाठी सोसायटी खांब फोडू देणार नाही, आणि द्यायचे कारणही नाही. त्याऐवजी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. अहवाल नसेल किंवा तो दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर ते निरीक्षणही लेखी नोंदवावे.

गच्चीवर कोब्याचा उतार पाइपाच्या तोंडाकडे आहे का, कठड्याच्या पायाशी मारलेला वाटा सुटला आहे का, टाकीच्या तळाच्या स्लॅबला खालून पोपडे आले आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. डक्टमध्ये मान वाकवून बघावे. भिंतीतून पिंपळ डोकावत असेल तर जवळपासचा एखादा सांधा बरेच दिवस झिरपत असल्याची शंका घ्यावी.

आता घरात. सगळ्यात रेंगाळायचे ते ओलीपाशी, कारण तिथेच निदान चुकते आणि पैसे वाया जातात. समजा, स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा पिवळट डाग आहे. वर वरच्यांची न्हाणी आहे. मालक म्हणतो, ‘वॉटरप्रूफिंग करून घ्या, झाले.’ पण पाणी तीन वाटांनी आलेले असू शकते. वरचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवल्यावर ठिबक थांबली तर दोष दाबाखालच्या पाइपात, आणि जुन्या घरात तो बहुधा भिंतीत गाडलेला गंजका जीआय पाइप असतो. आंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल तर संशय नहाणी ट्रॅपवर किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर. तिथे मोरीत रंगीत पाणी सोडून पाहावे. आणि जून ते सप्टेंबरपुरताच डाग भरत असेल तर वरच्या घराचा काही संबंध नाही, बाहेरची भिंत बघा. या तीन निदानांचा खर्च वेगळा आणि तो कोणी द्यायचा हेही वेगळे: आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणारी गळती आणि सामाईक पाइप ही संस्थेची जबाबदारी, तर न्हाणी-सिंकमधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांचा. थर्मल कॅमेऱ्याचा रंगीत फोटो अहवालात छान दिसतो, पण तो तापमानातला फरक दाखवतो, पाणी नव्हे. ओलावामापक टेकवून खात्री केल्याशिवाय त्यावर काही लिहू नये.

मार्च-एप्रिलमध्ये घर पाहणाऱ्याला सगळेच कोरडे दिसते. मग कपाटामागचा रंग, खिडकीखालचा कोपरा आणि खोलीत सामावून घेतलेली फ्लॉवर बेड ही ठिकाणे हाताने चाचपावीत. फ्लॉवर बेड आत घेतलेल्या घरात जुन्या छज्ज्याचा आणि खोलीचा सांधा ही गळतीची हुकमी जागा.

विजेच्या बाबतीत एक गैरसमज जागोजागी भेटतो. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले, खटका पडला, म्हणजे अर्थिंग ठीक, असे लोक धरून चालतात. ते बटण फक्त त्या यंत्राची चाल तपासते. घरात अर्थिंगची तार नसली तरी खटका पडेल. प्रत्येक सॉकेट वेगळे तपासायला हवे, विशेषतः गीझरचे आणि वॉशिंग मशीनचे. न्हाणीत गॅस गीझर असेल आणि धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर ती नोंद अहवालात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशा बंद न्हाणीत माणसे दगावली आहेत. दारे, बिजागऱ्या, फरशीचा पोकळ आवाज वगैरे यानंतर, सवडीने.

नव्या फ्लॅटची तपासणी थोडी वेगळी. तिथे लेझरने चटई क्षेत्र मोजावे. रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. याच कायद्याच्या कलम 14 (3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला तर विकासकाने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताबा घेतानाचा तारखेसह, फोटोसह अहवाल जपून ठेवणे हिताचे.

तपासनीस कोण असावा? घर-तपासनीस असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही, त्यामुळे स्थापत्य अभियंत्याचे शिक्षण आणि अनुभव पाहावा लागतो. दलालाने सुचवलेला माणूस नको, आणि जो उद्या वॉटरप्रूफिंगचे कंत्राट घेणार तोही नको. तपासनिसाच्या अहवालात डोळ्यांना दिसले ते, त्यावरून काढलेला तर्क, आणि सुचवलेली कृती अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. ‘छताला डाग’ हे निरीक्षण आणि ‘वरची न्हाणी गळते’ हा तर्क एकाच वाक्यात मिसळले की वरच्या शेजाऱ्याशी भांडण ठरलेले.

शेवटचे पान बघता न आलेल्या जागांचे असावे: फॉल्स सीलिंगच्या वरचा स्लॅब, मॉड्युलर किचनमागची भिंत, कुलूप लावलेली गच्ची. मालकाला सीलिंगचा एक पॅनल काढू देण्याची विनंती केली होती का, त्याने काय उत्तर दिले, हेही त्याच पानावर लिहावे. खरेदीखतापूर्वी वकिलाशी होणाऱ्या बोलण्यात ते पान सोबत न्यावे आणि त्या जागा उघडून दाखवण्याची अट करारातच घालून घ्यावी.