मकरपुरा ते मांडवी : जुन्या बडोद्याचे भवितव्य

मुंबईहून बडोद्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर शहराच्या अलीकडे मकरपुरा हे स्थानक लागते. आज या नावासरशी कारखान्यांची वसाहतच डोळ्यांपुढे येते. परंतु श्रीमंत खंडेराव महाराजांच्या काळी हा शिकारीचा रम्य परिसर होता. १८७० साली त्यांनी येथे इटालियन धर्तीचा राजवाडा उभारला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी स्थापत्यकार चिझम यांच्याकडून वाड्याचा विस्तार करविला; उद्यानाची आखणी विल्यम गोल्डरिंग यांनी केली. संस्थानी काळ सरल्यावर वाडा वायुदलाच्या प्रशिक्षण संस्थेकडे गेला. वास्तू टिकली, राबती राहिली. मात्र नगरवासीयांच्या दृष्टीने ती कुंपणापलीकडची झाली. जुनी वास्तू राखणे आणि जुने शहर राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मकरपुऱ्यावरून ध्यानी येते. वाडा एका संस्थेच्या स्वाधीन करता येतो. मांडवीभोवतीचे शहर तसे कोणाच्याही स्वाधीन करता येत नाही.

हे जुने शहर गुजरातच्या सुलतानांच्या काळात तटबंदीच्या आत वसले. चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे, त्यांना जोडणारे दोन सरळ रस्ते आणि ते जेथे छेदतात तेथे मांडवी. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ साली बडोदे कायमचे ताब्यात घेतले, तेव्हा हा सांगाडा त्यांना आयताच मिळाला. या चौकटीत पोळी वसल्या, पेढ्या आल्या, दिवाण भाऊ तांबेकरांचा भित्तिचित्रांनी नटलेला वाडा उभा राहिला. तटाबाहेर सुरसागराच्या आसपास रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत मराठी मंडळींनी बिऱ्हाडे थाटली. ही वस्ती कोणी एका हाताने आखलेली नव्हती. म्हणूनच ती सुधारावयाची कशी, हा प्रश्न सयाजीराव महाराजांसारख्या सुधारकापुढेही अवघड होता. पाणी आणणे तुलनेने सोपे होते. १८९२ पर्यंत आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आलेही. घरे, गल्ल्या आणि माणसे यांचे काय करावयाचे?

या प्रश्नावर महाराजांनी स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेतला. बडोद्याच्या विकासावरील आणि विस्तारावरील त्यांचा अहवाल १९१६ सालचा आहे. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. शहराकडे ते सजीव वस्तू म्हणून पाहात. त्या काळी दाट वस्ती दिसली की तीमधून रुंद सरळ रस्ता काढावा, हीच नगरसुधारणेची रीत मानली जाई. गेडिस यांना ती मान्य नव्हती. आधी पायी हिंडून गल्ली न् गल्ली पाहावी, पडकी घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी एखादे झाड, एखादा चौक करावा आणि राहती माणसे उठवू नयेत, असा त्यांचा आग्रह असे. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून शस्त्र उचलू नये, असे आपल्याकडचा जुना वैद्यही सांगेल.

लोकांना या कामात कसे ओढावे, याचा त्यांनी घालून दिलेला धडा बडोद्यात नव्हे, तर होळकरांच्या इंदुरात पाहावयास मिळाला. तेथे प्लेगची दहशत होती, आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या परक्या माणसाचा लोकांना संशय येई. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक योजिली आणि ती सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल, असे जाहीर केले. मोहल्ल्यामोहल्ल्यांत झाडलोट, रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होते. शेवटी त्यांचे दहन झाले. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला, पण वाचकास त्याआधीची ही मिरवणूकच अधिक काळ स्मरणात राहील. नगररचना दरबारच्या हुकमाने होते, या समजुतीला एका दरबारच्याच आश्रयाने दिलेला हा छेद होता.

बडोद्यात मात्र लोकसहभागाची हीच रीत आणखी एका खात्याने आधीच रुजविली होती, आणि ते खाते ग्रंथालयाचे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणवून ग्रंथालय खाते उघडले. गावाने वर्गणी जमविली की तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, असा नियम केला. पहिला रुपया लोकांचा असल्यामुळे पुस्तकांचे कपाट गावाचे होई, सरकारचे नव्हे. शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयाची वास्तू मांडवीजवळच उभी राहिली. तिच्या पोलादी मांडण्या आणि मजल्यामजल्यावरील काचेची जमीन पाहून नवा माणूस आजही थबकतो.

स्वातंत्र्योत्तर काळात शहर दूरवर पसरले. मकरपुऱ्यास उद्योगवसाहत आली, रोजगार तिकडे गेला, आणि पोळींतील पुढच्या पिढ्या नव्या वस्त्यांत राहावयास गेल्या. त्यांना दोष देता येणार नाही. अरुंद जिना आणि वाहन ठेवण्यास जागा नाही, ही अडचण खरीच आहे. पण मागे राहिलेल्या वाड्यांची जागा व्यापारी गाळे घेऊ लागले. नजरबाग राजवाडा २०१४ च्या सुमारास जमीनदोस्त झाला. चिमणाबाई न्यायमंदिराचे उद्घाटन ३० नोव्हेंबर १८९६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते झाले होते. तेथील न्यायालये २०१८ साली नव्या संकुलात गेली आणि शतकाहून अधिक काळ गजबजलेला चौक एकाएकी ओसरला. वकील, अर्जनवीस, पक्षकार आणि त्यांच्यावर चालणारी चहाची दुकाने यांची वर्दळ कोणत्याही वारसायादीत नोंदली जात नाही. चौक मात्र तिच्यावरच जगत असतो.

ही वास्तू मुळात मंडईसाठी योजिलेली होती, असे सांगतात. एकदा बदललेला उपयोग पुन्हा बदलण्यास हरकत नाही. तेथे शहराचे संग्रहालय करावे, ही सूचना पुढे आलेली आहे आणि ती चांगली आहे. परंतु तिकीट काढून वर्षातून एकदा जाण्याच्या जागेने रोजची वर्दळ परत येणार नाही. एखादी वाचनशाळा, व्याख्यानाचा दिवाणखाना, पोळींतील कारागिरांचे विक्रीचे ओटे यांना तेथे थारा मिळणार की नाही, हे आसपासच्या रहिवाशांना आणि दुकानदारांना विचारूनच ठरवावे लागेल. मध्यवर्ती ग्रंथालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे मात्र मंडळी अजूनही सकाळी वर्तमानपत्र वाचावयास येतात.