मूळ फाईल

गेल्या शनिवारी माझी गाडी पुन्हा 'कंपनी फिटेड' झाली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल खुपसली, लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि चहा संपायच्या आत काम फत्ते. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "सर, लोक पॉवर वाढवायला येतात, तुम्ही कमी करायला आलात!" त्याला दोन वाक्यांत काय उत्तर देणार? म्हणून हा विकांताचा लेख. मंडळी, जरा लांबण लागणार आहे. सुरुवात पद्मिनीपासून करावी लागेल.

आमचं घर निगडी प्राधिकरणात. बाबा टेल्कोच्या टूलरूममध्ये. आमच्या आळीत बहुतेकांचे बाबा टेल्को नाहीतर बजाज. फर्स्ट शिफ्टच्या बसने जाणारे, आणि संध्याकाळी हात कितीही घासले तरी नखांत काळी रेघ राहणारे. आमच्याकडे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. ही बाई म्हणजे मुळात १९६४ सालची फियाट ११०० डी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली. माझा जन्म व्हायच्या आधीच ती म्हातारी झालेली होती.

आता गंमत बघा. जी गाडी कंपनी बदलत नाही, ती लोक बदलतात. परमिट राजमध्ये बाहेरचा सुटा भाग आणणं म्हणजे दिव्य, नवी गाडी म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. मग उरतं काय? कानस, लेथ आणि ओळखीचा मिस्त्री. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. तो काढून मजल्यावर आणायचा. पुढचं सलग बाकडं काढून दोन बकेट सीट बसवायच्या. डायनामोच्या जागी अल्टरनेटर. ज्यांना वेगाची जास्तच हौस, ते इंजिनाचं हेड उतरवून त्याचा तळ घासून घ्यायचे, म्हणजे ज्वलनाची जागा लहान होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. पण तेव्हा मिळायचं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल. जास्त घासलं की चढावर इंजिन टकटकायला लागायचं. ती टकटक ऐकून किती घासलं हे ओळखणारे मिस्त्री भोसरीत होते. बाबा म्हणतात, "कानाने दोन थाऊ ओळखायचे." (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेट्रिक पद्धत येऊनही टूलरूममधून थाऊ गेला नाही.)

मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच घासूनपुसून तयार केलेल्या फियाट शर्यतीत धावायच्या. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आमच्याकडे होती कारखान्यांच्या पोटात वाढलेली छोटी वर्कशॉप्स. एमआयडीसी १९६२ सालची, टेल्कोचा पिंपरीचा कारखाना त्यानंतर चारएक वर्षांनी उभा राहिला, आणि त्यांच्या अवतीभवती सुटे भाग करणारे शेकडो लहान लेथवाले. दिवसा कंपनीच्या ऑर्डरी, रात्री हौशी लोकांची कामं. माझ्या मते पुण्यातल्या गाड्यांच्या हौसेचा खरा उगम इथे आहे, डेक्कनच्या कॉलेजकुमारांत नाही. (सदाशिवपेठी वाचकांनी राग मानू नये :-))

आणि शेवटी झालं काय? पद्मिनीच्या अखेरच्या वर्षांत कंपनीनेच मजल्यावरचा गिअर आणि बकेट सीट दिल्या. गॅरेजने वीस वर्षं आधी केलेलं काम शोरूममध्ये आलं. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मग आली इंडिका. ३० डिसेंबर १९९८. "पिंपरीत बनलेली गाडी" हे आमच्या आळीत दिवाळीसारखं साजरं झालं. पण त्या गाडीची असेंब्ली लाइन नवी नव्हती, हे फार कमी लोकांना आठवतं. निस्सानने ऑस्ट्रेलियातला कारखाना बंद केला होता. टेल्कोने तिथली यंत्रसामग्री विकत घेतली, सुटी केली, जहाजाने आणली आणि इथे पुन्हा जुळवली. नव्या लाइनच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात. म्हणजे भारताची पहिली स्वदेशी म्हणवली जाणारी गाडी एका सेकंडहँड, मॉडिफाय केलेल्या कारखान्यातून बाहेर पडली! आणि मला यात कमीपणा अजिबात वाटत नाही. दुसऱ्याचं मशीन उघडून, समजून घेऊन, आपल्या कामाला लावणं ही या पट्ट्याची विद्याच आहे. चार वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच पिंपरीतून इंडिगो नावाची सेडान आली. टॅक्सीवाल्यांनी तिला आपलंसं केलं. डिझेलवाल्यांची युक्ती अगदी सोपी: पंपाचा स्क्रू थोडा पिळायचा, इंधन जास्त, जोर जास्त, मागे काळा धूर. पासिंगच्या आदल्या दिवशी स्क्रू जागेवर.

त्यानंतर मात्र स्क्रू संपले. इंजिनाचा कारभार ईसीयू नावाच्या डब्याने हातात घेतला, आणि हे सगळं माझ्या धंद्याच्या हद्दीत आलं.

संगणकवाल्या वाचकांसाठी: ईसीयूमधला 'मॅप' म्हणजे एक मोठी कॉन्फिग फाईल समजा. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. इतकं पेट्रोल टाक, ठिणगी इतके अंश आधी पाड, टर्बोने हवा इतकीच दाब. मधल्या किमती इंटरपोलेशनने. बस. त्या आकड्यांत हात घातला की लोखंडाला हात न लावता गाडी बदलते. आणि फाईलच्या शेवटी चेकसम असतो, तो जुळवला नाही तर गाडी चालूच होत नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

माझ्या पिढीला या गोष्टीचं वेड लावलं ते ऑक्टेव्हिया आरएसने. २००४ साली स्कोडाने ती भारतात आणली. १.८ लिटर, टर्बो, १५० पीएस. तेव्हा टर्बो म्हटलं की लोकांना ट्रक आठवायचा. युरोपात मात्र हीच आरएस १८० पीएसची होती. तीस घोडे कुठे गेले? याच १.८ टर्बो घराण्यातली इंजिनं ऑडीच्या गाड्यांत २२५ पीएसपर्यंत जायची. म्हणजे १५० ही काही लोखंडाची मर्यादा नव्हती, कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेला आकडा होता. आरएसवाले लगेच लॅपटॉप घेऊन कामाला लागले. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलेला, हिंजवडीच्या बसच्या रांगेत उभा राहून तिच्याकडे बघणारा.

मग चाकण. फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं ३१ मार्च २००९ ला, डिसेंबरात पोलो बनू लागली, पुढच्या वर्षी व्हेंटो. आमच्या घरापासून तळवडे-देहूमार्गे अर्ध्या-पाऊण तासावर. (कंटेनर आडवा पडला नसेल तर.) २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं होतं. ११९७ सीसीचं १.२ टीएसआय इंजिन त्या चौकटीत जेमतेम पण नेमकं मावलं आणि २०१३ साली पोलोत आलं. व्हेंटो लांब, तिला सवलत नाही; पण तेच इंजिन तिलाही मिळालं. १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर. युरोपात याच इंजिनाची ८६ पीएसची आवृत्तीही मिळायची. एकाच इंजिनाच्या दोन ताकदी, गिऱ्हाईक बघून.

२०१४ साली मी व्हेंटो टीएसआय घेतली. एमएच १४, अर्थातच. २०१७ मध्ये, हप्ते संपल्या संपल्या, मॅप बदलून घेतला. किती पीएस झाले म्हणून विचारू नका, कागदावरचे आकडे सगळेच वाढवून सांगतात. पण एक्स्प्रेसवेला किवळ्याहून वर चढताना पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो, एकटाच. या गाडीच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची सहनशक्ती २५० न्यूटन मीटरची. त्याच्या आत राहायचं एवढं पथ्य पाळलं. मी इंजिनिअर आहे, सगळा विचार केलाय, अशी माझी समजूत.

बाबांनी गाडीला एक फेरी मारली, चाकाजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, "मागे ड्रमच आहेत ना अजून?"

"हो, पण पुरतात."

"कशाला पुरतात? आधीच्या गाडीला पुरत होते."

मी विषय बदलला. त्याच डिसेंबरात ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. बायको शेजारी, मुलगी मागे झोपलेली. वळणा-वळणातल्या छोट्या सरळ तुकड्यांवर पाय दाबायचा आणि वळणावर ब्रेक, असं पंधरा मिनिटं चाललं होतं. एका वळणावर समोर एसटी. पेडल दाबलं, पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी काही हळू होईना. पॅड तापून त्यांची पकड गेली होती. गिअर खाली पाडले, हँडब्रेक ओढला आणि एसटीच्या मागच्या शिडीपासून हातभर अंतरावर थांबलो. करपलेला वास गाडीभर. मुलगी उठून म्हणाली, "पोचलो?" बायको काहीच बोलली नाही. ती माणगावपर्यंत काहीच बोलली नाही.

नंतर चांगले पॅड, नवं ब्रेक ऑइल, सगळं केलं. ब्रेकची चूक नव्हतीच. गाडीतला एक आकडा मी बदलला होता, आणि त्या आकड्यावर विसंबलेले बाकीचे पन्नास आकडे तसेच ठेवले होते. ऑफिसात ज्युनिअरने असं प्रॉडक्शनमध्ये केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २००० च्या दुरुस्तीनंतर त्याचा रोख असा की, नोंदणीतल्या तपशिलांचा उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. प्रत्यक्षात पोलिसांच्या हाती लागतात ते फटफटीचे सायलेन्सर. ते रोडरोलरखाली घालतात, फोटो छापून येतो. सॉफ्टवेअर कोणाला ऐकू येत नाही.

मला हा कायदा पूर्ण पटत नाही. ज्या देशात माझ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोलच बदलून २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलवर नेलं, जुन्या गाड्या ते धरून बनवलेल्या नसताना, तिथे 'उत्पादकाने दिलेले तपशील' फक्त मीच पाळायचे? पण दुसरी बाजूही आहे. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या ठिकाणी गाडीचा धूर मोजून मग तिला परवानगी मिळते. मी मॅप बदलला तेव्हा धूर कोणी मोजला? कोणीच नाही. मीही नाही. पद्मिनीचं हेड घासणाऱ्या मिस्त्रीला निदान टकटक ऐकू येत होती.

यातलं काहीच खरं कारण नव्हतं मात्र. खरं कारण विम्याचा फॉर्म. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न येतो, वाहनात काही बदल केले आहेत का? दर वर्षी मी 'नाही' वर टिचकी मारायचो. ताम्हिणीनंतरही मारली. या वर्षी मुलीने लर्निंग लायसन्स काढलं. ती ही गाडी चालवणार. फॉर्म पुढे उघडा होता आणि ती शेजारी बसून विचारत होती, "बाबा, हे काय भरायचं असतं?"

पुढचं वर आलंच आहे.

तोवर जगही पुढे गेलं. चाकणहूनच २०२२ मध्ये व्हर्टस आली. १.५ लिटर, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, वॉरंटीसकट. मी चोरून जे मिळवलं त्याहून जास्त, चक्क शोरूममधून. पद्मिनीच्या गिअरसारखंच. बाबांना दाखवायला नेली. ते उकिडवे बसले, मागच्या चाकातून आत बघितलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मागे ड्रमच.

त्यांची टूलरूमची पत्र्याची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. त्यात फिलर गेज, एक मायक्रोमीटर, भोसरीच्या कोण्या मिस्त्रीने दिलेली अर्धगोल कानस. गॅरेजवाल्याने माझ्या बदललेल्या मॅपची फाईल पेनड्राइव्हवर परत दिली, तो मी त्याच पेटीत टाकला. फेकवला नाही. मुलीने विचारलं की यात काय आहे, तर तिला आधी ती टेबलं उघडून दाखवणार आहे, प्रत्येक चौकटीतला आकडा कशाला बांधलेला आहे ते. ब्रेकपासून सुरुवात करून.