व्यवसायोपचार, बालकांचा
चेता-स्नायू विकार असलेल्या मुलांना जेवण, अंघोळ, कपडे घालणे, लिहिणे अशी रोजची कामे शक्य तितकी स्वतः करता यावीत म्हणून दिले जाणारे उपचार. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. नागपूरला १९५८ मध्ये या शिक्षणाची शाळा निघाली. हे उपचार शिकणाऱ्याने स्नायूंआधी मुलाची बैठक पाहावी : पाय अधांतरी असले की हात डगमगतो, घास सांडतो. पायांखाली पाट आणि चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधी, एवढ्यानेही पुष्कळदा भागते. द्यूशेन या स्नायू क्षीण होत जाणाऱ्या विकारात मात्र दमवणारा व्यायाम अपायकारक. हे घरच्या आजीलाही पटवून द्यावे लागते, आणि तेच सर्वांत अवघड.