शूर एसएम५७ : ट्रान्सफॉर्मर काढण्याचा फेरबदल

शूर एसएम५७ हा १९६५ साली बाजारात आलेला अमेरिकन डायनॅमिक मायक्रोफोन आहे. त्याच्या दांड्यातील छोटा ट्रान्सफॉर्मर काढून टाकणे हा ध्वनिमुद्रकांमध्ये रूढ असलेला फेरबदल होय.

ध्वनीमुळे पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते व विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब अत्यल्प असल्याने ट्रान्सफॉर्मर तो वाढवतो. ट्रान्सफॉर्मर काढल्यावर खर्ज अधिक भरदार आणि वरचे स्वर मवाळ ऐकू येतात. मात्र पातळी सुमारे १० डेसिबलने घटते. साधा प्रवर्धक ती भरून काढताना खरखरही वाढवतो, आणि मग मूळ मायक्रोफोनच बरा होता असे वाटू लागते.

ट्रान्सफॉर्मर दांड्यात चिकटद्रव्याने पक्का बसवलेला असतो. पडदा व वेटोळे असलेला वरचा भाग आधी वेगळा करून केवळ दांडा उकळत्या पाण्यात धरल्यास ते द्रव्य मऊ होते. नंतर वेटोळ्याच्या दोन्ही तारा खालच्या जोडणीच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनेला डाख देऊन जोडतात. त्या उलट जोडल्या गेल्यास एकाच वाद्यासमोर ठेवलेल्या दुसऱ्या मायक्रोफोनशी मिसळताना आवाज पोकळ होतो. ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यापासून वेटोळ्याला मिळणारे संरक्षणही नाहीसे होते. केबल सदोष असल्यास वेटोळ्याला इजा पोहोचू शकते. ट्रान्सफॉर्मर पुन्हा पूर्ववत बसवणे अवघड असल्याने एकुलत्या एका मायक्रोफोनवर हा प्रयोग करू नये.