वारली चित्रकलेतील वृक्ष व मनुष्य

महाराष्ट्राच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांत, तसेच लगतच्या दक्षिण गुजरातमध्ये राहणाऱ्या वारली या आदिवासी जमातीच्या भित्तिचित्रांतील एक प्रमुख विषय. या चित्रांत झाड माणसाच्या कितीतरी पट मोठे असते. माणसे त्याच्या फांद्यांतून मुंग्यांप्रमाणे वावरतात आणि क्षितिजरेषा व छायाप्रकाश यांच्या अभावी सगळे दृश्य अधांतरी तरंगल्यासारखे भासते. त्यामुळे नागर प्रेक्षकाला यूरोपातील अतिवास्तववादी चित्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य वरवरचे होय. आंद्रे ब्रताँने १९२४ मध्ये जाहीरनामा काढून ज्या चळवळीला रूप दिले, तिचा ओढा स्वप्न व अबोध मन यांकडे होता. माक्स एर्न्स्टने रंगविलेली अरण्ये त्या मनोभूमीतील आहेत. वारली चित्रातील झाड अंगणापलीकडे उभे असते आणि त्याचा आकार ठरतो, तो कुटुंबाच्या जीवनातील त्याच्या स्थानावरून.

या चित्रांचे मूळ विवाहविधीत आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवासिनी जो ‘चौक’ रेखाटतात, त्यावाचून विवाह पूर्ण होत नाही. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. पालवीने भरून वाहणारा घट, असा या नावाचा एक अर्थ सांगितला जातो. तो स्वीकारल्यास देवीच्या रूपातच स्त्रीदेह आणि वनस्पती एकवटलेली दिसतात. वारल्यांच्या एका कुलदैवताचे नावही ‘हिरवा’ असे आहे. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग बांबूच्या चघळलेल्या काडीने लावतात. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. झाडासाठी मात्र असा ठरीव साचा नाही. ताडाची पंख्यासारखी पाने, त्याच्या खोडावर चढणारा ताडी काढणारा आणि वर बांधलेली मडकी हे दृश्य पुनःपुन्हा येते.

झाडाशी असलेला हा संबंध केवळ पूजेचा नव्हता. भाताची रोपे करण्यापूर्वी ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या छाटून, त्या वाफ्यावर पसरून जाळण्याची ‘राब’ पद्धत ठाणे जिल्ह्यात सर्वत्र होती. म्हणजे झाडाशिवाय भातही नव्हते. १८७८ च्या वन कायद्यानंतर या छाटणीवर बंधने आली. तक्रारी इतक्या वाढल्या, की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७८ च्याच अबकारी कायद्यामुळे ताडी देणाऱ्या झाडांवर जबर कर बसला आणि १८९२ च्या मोह कायद्याने मोहाची फुले घरात साठविण्यावरही नियंत्रण आणले. अशा रीतीने पंधरा वर्षांच्या आत ऐन, ताड आणि मोह ही तिन्ही झाडे कायद्याच्या कक्षेत गेली. दारातले झाड तेच राहिले. त्याला हात लावणारा गुन्हेगार ठरू लागला. पुढे तोच वारली ठेकेदाराच्या कूपात लाकूडतोड्या म्हणून राबला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील १९४५ च्या वारली उठावात वेठबिगारीच्या अंताबरोबरच गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न होता, आणि त्यापाठोपाठच्या लढ्यात जंगलकामाच्या मजुरीचाही. विवाहचौकाच्या शांत सौंदर्याविषयी लिहिताना कलासमीक्षकांनी या इतिहासाकडे सहसा लक्ष दिलेले नाही.

चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी वारली वस्त्यांत कागद व रंग नेले. विधीपुरती असलेली कला भिंतीवरून सुटी झाली आणि प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची ही कला पुरुषांकडेही गेली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे यांतील अग्रणी. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले व धुळीत चित्रे काढून आपले मनोगत सांगू लागले, असे सांगितले जाते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. त्यांच्या चित्रांत देवचौकाची चौकट मागे पडते व कित्येकदा झाडच सगळी जागा व्यापते. असंख्य बारीक रेघांची पालवी थरथरत असल्याचा भास होतो. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात आणि २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांची चित्रे मांडली गेली. बाजारपेठेतून निघालेल्या असंख्य नकलांत मात्र झाड बहुधा किनारीची नक्षी म्हणून उरले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले, तरी या घसरणीवर तो इलाज नव्हे.

ठाणे शहराचे घोडबंदर रस्त्याकडील विस्तारित भाग या दृष्टीने बोलके आहेत. मानपाडा, पातलीपाडा या नावांतील ‘पाडा’ म्हणजे आदिवासी वस्ती; आज तेथे उत्तुंग निवासी इमारती आहेत. मागे येऊरचे डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सु. १०४ चौ. किमी. वनक्षेत्र असून त्यात वारल्यांचे पाडे टिकून आहेत. शहराच्या कुंपणभिंतींवर वारली शैलीतील झाडे रंगविण्याची प्रथा रूढ झाली. वन हक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला, तरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पाड्यांचा जमिनीवरील हक्काचा प्रश्न त्यानेही सहज सुटला नाही. उद्यानाला लागून असलेल्या आरे येथील मेट्रो कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्यांत तेथील पाड्यांतील वारली होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी तोड थांबविली. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती.